वकीलबाई आणि घेवड्याचे दाणे

बोस्टनला उतरले तेव्हा भाची सोनल घ्यायला आली होती. २००६ चा ऑक्टोबर. तिच्या गाडीची मागची सीट प्रचाराच्या फलकांनी भरलेली. पोरगी अमेरिकेतच जन्मलेली, पेशाने वकील, आणि राज्याच्या विधिमंडळासाठी उभी! मी नागपूरच्या कोर्टात वकिली करत आयुष्य घासलेली बाई. नुसती फुलून गेले.

"मावशी, लॉयर ऐकलं की लोक डोअर क्लोज करतात," ती म्हणाली. "मला खरंच जिंकायचंय यार, आणि नेमकं हेच नडतंय."

"लोकांना आताच काय झालं?"

"आताच नाही, फार जुनं आहे. उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी तिने मला जुन्या काळासारखं उभारलेलं एक खेडं दाखवायला नेलं. लाकडी घरं, लालभडक मेपलची झाडं. दारातच गरम सायडर डोनट (सफरचंदाच्या रसातले गोड वडे) मिळाले. आमच्या कोथिंबिरीच्या सांभारवडीची सर नाही, पण दोन खाल्ले.

आत 'टाउन मीटिंग'चा (गावसभेचा) खेळ होता. टोपीवाल्या मार्गदर्शकाने सांगितलं, देश नवा होता तेव्हा खेड्यापाड्यांतले पुष्कळ लोक वकिलाला निवडून द्यायला बिचकत. ज्याचं पोट भांडणांवर, तो सोपा कायदा कशाला करेल? मग त्याने प्रेक्षकांतून वकील उमेदवार मागितला. सोनलने हात वर केला. टोपीत मक्याचा दाणा टाकला तर होकार, घेवड्याचा टाकला तर नकार. मतदानाची ही रीत तर त्याहून जुनी.

सोनल छान बोलत होती. एक आजोबा उठले. "कायदा आम्हाला कळेल असा लिहाल, की तुम्हाला फी मिळेल असा?"

ती तोंड उघडणार, तोच मी ताडकन उभी! "ऑब्जेक्शन! प्रश्न गैरलागू आहे!" सवय हो, दुसरं काय.

"बघा," आजोबा म्हणाले, "एक होती, दोन झाल्या!"

सगळी सभा खो खो हसली. टोपी उलटी केली तर घेवडाच घेवडा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनलने गाडी सुरू केली. मग म्हणाली, "त्या ग्रँडपाचा प्रश्न बरोबर होता. तू मला आन्सर करूच दिलं नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून ती प्रचारात कुणी दार उघडताच सांगायला लागली, "मी लॉयर आहे. कायदा तुम्हाला कळेल असा लिहीन. नाही कळला तर मला फोन करा." काही दारं बंद झालीच. काहींनी मात्र तिला आत बसवून उलटसुलट प्रश्न विचारले. मला गाडीतून उतरायची सक्त मनाई होती.

नोव्हेंबरात मी नागपूरला परतले होते, तेव्हा फोन आला. "मावशी, जिंकले! अगदी थोडक्यात!"

माझ्यातली वकील गप्प बसते थोडीच! "लोकांनी वकील म्हणून मत दिलं, की वकील असूनही?"

"असूनही."

मला भारी बरं वाटलं. वकील म्हणून निवडली असती, तर लोक निर्धास्त झोपले असते. आता तिच्या प्रत्येक ओळीवर त्यांचं लक्ष राहील, आणि कायदे करणाऱ्यावर ते असावंच.

"मग जपून गं," मी म्हटलं. "अशा माणसांचं मत पुन्हा मिळवणं फार अवघड."