कडी मोडली होती का?

अकरावीच्या 'साहित्य विशेष' वर्गात बसायचं तर हेमाताईंच्या अटी मान्य कराव्या लागतात. गाईड आणलं असेल तर ते घेऊन सरळ घरी जायचं. स्वतः पाहिलंय तेवढंच लिहायचं, तेही स्वतःच्या शब्दांत. आणि 'सुंदर' हा शब्द बंद! 'कविता सुंदर आहे' असं कुणी लिहिलं की समासात लाल शाईनं शेरा ठरलेला: 'जाहिरात आहे का?'

शनिवार पेठेतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवते. स्टाफरूममध्ये हेमाताईंच्या शेजारची खुर्ची माझी, त्यामुळे टोमणे रोज फुकट. "रुपाली, चहा प्यायलीस की नुसता कप उष्टावलास?" पण एखाद्या पोरानं मनापासून चार ओळी लिहिल्या की याच बाईंचे डोळे भरून येतात. विचारलं तर म्हणतात, धूळ फार आहे इथे. मला भारी आवडतात त्या, काय करू!

यंदा वर्गात लोणी काळभोरची भाग्यश्री आली. 'जागरण' या विषयावर तिनं लिहिलं, 'माझी आई रात्रभर दारं धरते आणि सकाळी माझ्या डब्याच्या भाकरी थापते.'

हेमाताईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. "रात्रभर दारं धरते? कडी मोडली होती का?" पोरं खदाखदा हसली. भाग्यश्री मान खाली घालून बसली आणि दुसऱ्या दिवशी तिनं 'साहित्य विशेष' सोडून दुसरा विषय मागितला.

"वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी, आणि एवढ्याशा बोलण्यावरून निघाली!" हेमाताईंनी तिची वही माझ्यापुढे आपटली. मी ते वाक्य वाचलं आणि कपाळावर हात मारला. मी इंदापूरची.

"अहो ताई, दारं धरणं म्हणजे उसाला पाणी देणं! एका सरीचं तोंड उघडायचं, ती भरली की मातीनं बुजवायचं, मग पुढची. पंपाची वीज रात्रीची येते, म्हणून रात्रभर. पोरीनं तुमचीच अट पाळली हो. पाहिलं तेच लिहिलं."

हेमाताईंनी वही परत ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. लोणीची बस कुठून मिळते?"

त्या आठवड्यात वीज दिवसाची होती. आम्ही पोचलो तेव्हा भाग्यश्रीची आई, मुक्ताई, उसातच होती. मास्तरीणबाईंना बघून ती घाबरली. "पोरीनं काय केलं का?"

"तिनं नाही, मी केलं. मला दारं धरायला शिकवा."

आणि खरंच, साडी खोचून बाई चिखलात उतरल्या! पहिली सरी कशीबशी भरली. दुसरीला बांधच फुटला, पाणी सैरावैरा पळालं आणि बाई धप्पकन खाली बसल्या. इतका वेळ आईच्या पाठीमागे तोंड फुगवून उभी असलेली भाग्यश्री फिस्सकन हसली. "मॅडम, असं न्हाई! आदी माती वढा!"

"चुकले गं मी," चिखलात बसूनच हेमाताई म्हणाल्या. "तुझा शब्द बरोबर होता. सगळ्यांसमोर हसले, सगळ्यांसमोर सांगेन. येशील परत?"

"बघते," एवढंच ती म्हणाली. मला मेलीचा रागच आला.

सोमवारी मी मुद्दाम त्या वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. भाग्यश्रीची जागा रिकामी. हेमाताईंनी 'दारं धरणं' फळ्यावर लिहिलं, अर्थ सांगितला, आपण चिखलात बसलो तेही सांगितलं. या वेळी पोरं हसली ती त्यांना.

तेवढ्यात दारात भाग्यश्री. 'जागरण'वर स्वतः लिहिलेला एक कागद आणि आपलं लाल पेन हेमाताईंनी तिच्या हातात दिलं. "पाहिलं तेवढंच लिहिलंय. तपास."

ती जागेवर बसली, नीट वाचलं, काहीतरी खरडलं आणि कागद परत दिला. हेमाताईंनी तो पाहिला आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. या वेळी धुळीचं नावही काढलं नाही.

मी उठून कागद पाहिला. ताईंनी लिहिलं होतं, 'सरीत शिरणारं पाणी फार सुंदर दिसत होतं.' 'सुंदर'खाली लाल रेघ आणि समासात भाग्यश्रीचं अक्षर: 'जाहिरात हाय का?'