पिंप्राळ्याची बकरी निर्दोष आहे

जळगाव स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्याची दांडी तापली. मार्च महिना, तोही सकाळी. आपल्या चिपळुणात धुतलेला टॉवेल दोन दिवस दमट राहतो. इथे नळावर ओला केलेला रुमाल खिशात ठेवायच्या आत वाळला.

प्रवासाला गेलेल्याने वाचनालयाच्या अंकासाठी चार पानं लिहावीत, असा आपल्याकडे प्रघात आहे. ग्रंथपाल असूनही मी तो आजवर चुकवत आलो. मुळात मी कमी बोलणारा, त्यात चेहरा अपराधी. दुकानातून काही न घेता बाहेर पडताना मला खिसे उलटे करून दाखवावेसे वाटतात. पण यंदा लिहिणं भाग आहे. पिंप्राळ्यातल्या एका बकरीची जाहीर माफी मागायची आहे.

निमित्त होतं ग्रंथपालांच्या अधिवेशनाचं. अध्यक्ष धुळ्याहून निघाले होते. उद्घाटनाच्या वेळी ते निघाले होते, चहाच्या वेळी निघाले होते, आणि जेवणाच्या सुट्टीतही निघालेच होते. दुपारचं सत्र त्यामुळे लांबणीवर पडलं. जेवणात पनीर होतं. माझ्या शेजारी बसलेले स्थानिक गृहस्थ ताटाकडे बघून हळूच म्हणाले, "खानदेशात येऊन हे काय खाता? इथे जवळच पिंप्राळ्यात जा, शेवभाजी खा. तिखट झेपत नाही म्हणून रिक्षावाल्याला सांगा. तो तिखटच ठिकाणी नेईल, पण सांगून ठेवा."

रिक्षा केळ्यांच्या गाड्या, स्कुटरींवरून भाजी नेणाऱ्या बायका आणि नव्या कॉलन्यांच्या कमानी मागे टाकत पिंप्राळ्यात एका छोट्या हॉटेलासमोर थांबली. शेवभाजी आली. वरच्या लाल तर्रीत मला माझा चेहरा दिसला, आणि पहिल्या घासानंतर दिसेनासा झाला. हॉटेलवाला लांबूनच म्हणाला, "काका, रडू नका, ताक येतंय."

तोंड निववायला चालत निघालो. पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी एक रिकामा प्लॉट होता. त्यावर ताडपत्री, तिच्यावर ओली धोतरं पसरलेली, आणि धोतरांवर ओळीने थापलेले बिबडे (शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचे लसूण-तीळ घातलेले पापड). कडेला पाच-सहा बायका हात धूत होत्या. त्यांतल्या ठसठशीत कुंकवाच्या म्हातारीला सगळ्या अक्का म्हणत होत्या.

"काय पाहता भाऊ? बिबडे कधी पाहिले नाही?"

"आमच्या कोकणात वाळत नाहीत."

"मग तोंडी काय लावता?"

"मासे."

दोघींनी नाकाला पदर लावला. अक्का मात्र हसली आणि मला सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची दिली. माहितीही दिली. घाटा (शिजवलेलं पीठ) गरम असतानाच थापावा लागतो, गार झाला की संपलं. एकट्या बाईचं ते काम नाही. म्हणून सगळी गल्ली रोज एकीच्या दारी जमते. आज अक्काचे बिबडे, उद्या शेजारच्या लताबाईंचे. लताबाईंच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात, तेव्हा उद्याचा घाणा मोठा.

"ही लता," अक्काने ओळख करून दिली. "मागल्या वर्षी हिच्या बकरीनं माझ्या कुरडया खाल्ल्या. वरीसभर आम्ही बोललो नाही. आत्ता होळीला समेट झाला."

"समेट मी केला," लताबाई म्हणाल्या.

"आणि पुरणपोळी कोणी पाठवली?"

"कच्ची होती ती. समेट होता म्हणून खाल्ली."

सगळ्या हसत असताना गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "नळ उनात!" (नळ आले!) जळगावात हे ऐकल्यावर बसून राहणारी बाई मी पाहिली नाही. हंडे वाजू लागले. अक्काने जाता जाता माझ्याकडे बोट केलं. "हाऊ भाऊ रिकामाच शे (हा माणूस मोकळाच आहे). भाऊ, ही काठी घ्या. त्या राणीवर नजर ठेवा."

राणी म्हणजे ती बकरी. लताबाईंच्या फाटकाच्या आत खुंट्याला बांधलेली होती आणि माझ्याकडे शांतपणे बघत होती.

मी काठी आडवी धरून इमानाने बसलो. तेवढ्यात फोन वाजला. संयोजक होते. अध्यक्ष आता धुळ्याहून येतच नाहीत, त्यामुळे उद्याचा तुमचा निबंध आजच घेतोय, लगेच या. मला फोनवर बसून बोलता येत नाही. "आज? अहो, पण माझी तयारी..." म्हणत मी उठलो, फिरू लागलो, आणि मागे सरताना बुटाखाली गार, मऊ काहीतरी सरकलं.

खाली बघितलं. धोतराचा अख्खा कोपरा मी तुडवला होता. एका बिबड्यावर तर टाचेची नक्षी अशी उमटली होती, की बुटाचा कारखाना ओळखू यावा.

त्या वेळी सभ्य माणसाने हाक मारली असती. मी तुडवलेले बिबडे सोडवून अधिवेशनाच्या पिशवीत भरले आणि खुर्चीवर येऊन बसलो. काठीसुद्धा पुन्हा आडवी धरली.

अक्का भरलेली कळशी घेऊन आली. मोकळ्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"इथले बिबडे कुठं गेले?"

माझ्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला. "बकरी."

"बठ्ठा (सगळा) कोपरा खाई गयी!" अक्काने कळशी आपटली. "लता! बाहेर ये!"

"राणी बांधलेली आहे, अक्का. डोळे उघडून बघा."

"आता बांधली असशील! हा परगावचा माणूस कशाला खोटं बोलेल? उद्या तुझ्या घाट्याला मी येत नाही. आणि मी नाही तर कोणीच नाही."

लताबाई फाटक लावून आत गेल्या. अक्काने घरातून जुन्या बिबड्यांची पुडी आणून माझ्या हातात कोंबली. "तुम्ही तरी खरं सांगितलं, भाऊ." राणीच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

आता आपल्या सभासदांना एक आठवण करून देतो. पान उंदराने कुरतडलं, पुठ्ठा वासराने चाटला, हे मी या वाचनालयात वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यांतल्या एकाचंही मी खरं मानलं नाही. माझ्या निबंधाचं नावच 'ग्रंथांची हाताळणी आणि वाचकाचा प्रामाणिकपणा' असं होतं. व्यासपीठावर गेलो, पिशवीतून कागद काढले, तर दुसरं पान ओल्या बिबड्यांना चिकटून पिशवीतच राहिलं. सभागृहात लसणाचा वास पसरला. मी म्हणालो, "दुसरं पान गहाळ आहे." निबंध लहान झाला म्हणून टाळ्या पडल्या.

रात्र कशी गेली ते सोडा. सकाळी समारोपाला न जाता रिक्षा पकडली. प्लॉटवर कालच्यासारखीच ताडपत्री होती, पण पातेल्याशी फक्त लताबाई आणि त्यांची मुलगी. घाटा गार होत चालला होता, दोघींचे हात पुरत नव्हते. समोरच्या ओट्यावर अक्का पाठ करून तांदूळ निवडत होती. ती पाठ बघूनच बाकीच्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या.

"अक्का," मी म्हणालो, "काल बकरीने काही खाल्लं नाही. मी तुडवले."

अक्का वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती देवमाणूस शे हाऊ! आमचं भांडण मिटावं म्हणून आळ अंगावर घेतो!"

"अहो, नाही! खरंच मी!"

"राहू द्या भाऊ. बकरी मी ओळखते."

आयुष्यात पहिल्यांदा मी होऊन कबुली देत होतो, तर ती कुणी घ्यायला तयार नाही. शेवटी पिशवीत हात घातला. बिबडा एव्हाना खडखडीत वाळला होता, माझं दुसरं पान त्याच्या पाठीला घट्ट. मी बूट काढला आणि टाच नक्षीवर ठेवली. तंतोतंत बसली.

अक्काने बिबडा हातात घेतला, उलटा केला, आणि मागच्या पानावर छापलेलं मोठ्याने वाचलं, "वाचकाने चूक तत्काळ कबूल करावी."

आधी लताबाई फुटल्या. मग त्यांची मुलगी, मग दारातल्या सगळ्याजणी. अक्का शेवटी हसली, पण हसली ती ओटा धरून. मग एकदम ओरडली, "अय, दात काय काढता! लताचा घाटा गार होतोय!" पाच मिनिटांत सगळ्यांचे हात पातेल्यात होते. अक्काचे सगळ्यात आधी.

"आणि तुम्ही," लताबाई मला म्हणाल्या, "बूट तिकडे लांब ठेवा. काठी घ्या. आज उन्हात बसायचं."

बसलो. राणीला माझ्या खुर्चीलाच बांधलं होतं. मला शिक्षा होती का तिला, ते कळलं नाही. मधे लताबाईंच्या मुलीने गरम घाट्याची वाटी आणून दिली, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. शेवभाजीने पोळलेल्या जिभेला ते इतकं बरं वाटलं, की मी दुसरी वाटी मागितली. मागून घ्यायची मला सवय नाही. समारोपात माझं नाव पुकारलं गेलं म्हणे, प्रमाणपत्रासाठी. मी त्या वेळी एका बकरीला "हं, हं" करत होतो. संध्याकाळची गाडी मात्र पकडली. पुडी दोन्ही घरांची होती.

घरी बायकोने पुडी उघडली. वरच बुटाची नक्षी असलेला बिबडा. अक्काने आठवणीने घातला होता. "हे काय?" तिने विचारलं. एरवी मी "काही नाही" म्हणतो. या वेळी सगळं सांगितलं. ती हसली, आणि तो बिबडा फडताळात वर ठेवून दिला. म्हणाली, "पुढच्या वेळी 'काही नाही' म्हणालात, की हा काढीन."

गेल्या आठवड्यात आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी पुस्तक परत केलं. कोपरा फाटलेला. नाव लिहीत नाही, ते हा अंक वाचतात. "घरी कुत्रं आहे हो," ते म्हणाले. पूर्वी मी भिंतीवरच्या नियमांकडे बोट केलं असतं. आता त्यांना बाकावर बसवलं, डब्यातला तळलेला बिबडा पुढे केला, आणि राणीची हकिगत पहिल्यापासून सांगितली. ते बिबडा खात ऐकत राहिले.

बिबडा संपला. चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "कुत्रं गेल्या वर्षीच गेलं हो."