नकाशावरची सही

दामूबाब गेल्याचं मला पार्से गावात कळलं. एका काजू कारखान्याच्या पायाची आखणी चालली होती. त्यांचा पुतण्या स्कूटरवरून आला, "काका सकाळी गेले" एवढंच म्हणाला. मी हातातली दोरी नुसती गुंडाळत राहिलो... त्याला तीन आठवडे झाले. आता एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण ते असेपर्यंत त्यांनी ती मला कुणाला सांगू दिली नाही.

डिचोलीच्या बाजारात एका माडीवर त्यांचं ऑफिस होतं. कारखान्यांचे स्लॅब ते डिझाइन करायचे, मी त्यांचे नकाशे काढायचो. यंत्र कुठे बसणार, माल किती उंच रचणार, हे विचारल्याशिवाय ते सळ्यांच्या हिशेबाला हात घालत नसत. "घरात मनीस रावता, हांगा वजन रावता," म्हणायचे; घरात माणूस राहतो, कारखान्यात वजन.

गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं त्या दिवसांत एका दुमजली कारखान्याचं काम हातात होतं. रस्ते कधी अडवतील याचा नेम नव्हता, म्हणून शेवटचा नकाशा मी घाईघाईत पुरा केला, त्यांची सही घेतली आणि मिळेल त्या गाडीतून साइटवर धाडला. लांब तुळयांखालचे टेकू एकवीस दिवस काढू नयेत, ही टीप त्यावर लिहायची राहिली. कंत्राटदाराने ते बाराव्या दिवशी काढले, आणि वर सिमेंटच्या गोणी रचलेल्या होत्या. स्लॅब कोसळला तेव्हा खाली बेळगावकडचा कल्लाप्पा फळ्या गोळा करत होता. तो जागीच गेला.

चौकशीत अधिकाऱ्याने नकाशा टेबलावर पसरला. "टीप कोणी गाळली?" माझ्या घरात तान्ही मुलगी होती. दामूबाब माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही माझी आहे. सही करण्याआधी वाचायचं काम माझंच."

मी गप्प बसलो. गोवा घटक राज्य झालं, नव्या वसाहतींत कारखाने उभे राहिले, पण त्यांतलं एकही काम त्यांच्याकडे आलं नाही. घरं, गोठे, विहिरींची झाकणं, यावरच त्यांनी पुढची वर्षं काढली. कल्लाप्पाच्या आईला भेटायला दर वर्षी एकटेच जायचे.

म्हापशाच्या इस्पितळात मी शेवटचा भेटलो. "दामूबाब, आता तरी मला खरं सांगू द्या."

त्यांनी डोळे मिटले. "मी सांगितलं तें खरंच, रे. वाचूंक जाय होतें... वाचलें ना." वाचायला हवं होतं, वाचलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

तो स्लॅब कोसळल्यापासून त्यांना एक सवय लागली होती. टेकू निघाले की मजुरांच्या आधी ते एकटे स्लॅबखाली जाऊन उभे राहायचे. त्यांनी हिशेब केलेल्या शेवटच्या घराचे टेकू परवा हळर्णात काढले. मजूर बाहेरच थांबले. मग मुकादमाने हळूच विचारलं, "आता कोण जाणार?"

मी गेलो. मधोमध उभा राहिलो... मान मात्र वर करता आली नाही.