अर्धी राहिलेली आरती

आमची कंपनी उत्तरेला एका बर्फाळ पोस्टवर होती. मी हवालदार, वेल्ह्याकडच्या मार्गासनीचा. आमचे धर्मगुरू नायब सुभेदार गुरव भोरजवळच्या आंबवड्याचे. अख्खी पलटण त्यांना पंडितजी म्हणायची. पलटणीतला धर्मगुरू म्हणजे नुसता घंटा वाजवणारा, असं गावाकडं लोकांना वाटतं. वाटू द्या. आमचे पंडितजी सकाळची पूजा उरकली की स्ट्रेचर उचलायची प्रॅक्टिस करायचे.

शिपाई प्रदीप त्यांची लई चेष्टा करायचा. "पंडितजी, मंत्र म्हणा की. घाम कशाला गाळताय?"

"मंत्र देवाला, खांदा तुला. दोन्ही लागतंय गड्या."

त्या दिवशी बंकरातल्या मंदिरात आरती चालू होती. प्रदीप आणि दोघे जवान पेट्रोलवरून, म्हणजे गस्तीवरून परतत होते. दुसरं कडवं संपलं आणि वर गडगडाट झाला. पाठोपाठ रेडिओ सेट बोलला.

"बर्फ कोसळलं. पेट्रोलचे तिघं गाडले गेलेत. ओव्हर."

पंडितजींनी आरतीचं ताट खाली ठेवलं. आमच्या घरी आरती अर्धी टाकणं म्हणजे अपशकुन. माझ्या तोंडून निघालंच, "पंडितजी, आरती पुरी करा. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर म्हणतोय, फावडं घे. देवाला उशीर चालतोय. बर्फाखालच्याला चालत न्हाई."

आम्ही सहाजण धावलो. लांब सळया बर्फात खुपसत चाललो. पहिला जवान सापडला, जिवंत. दुसराही सापडला, जेमतेम श्वास चालू होता. प्रदीप मिळेना. तेवढ्यात सेटवर कंपनी कमांडर साहेब बोलले.

"वरचा उतार हलतोय. सगळे मागे फिरा. ओव्हर."

पंडितजी कोपरापर्यंत बर्फात हात घालून बसले होते. "हाताला बूट लागलाय. ह्या दोघांना घेऊन तुमी व्हा पुढं. आलोच."

आम्ही दोन्ही स्ट्रेचर घेऊन निघालो. मागं उतार खाली आला. दुसऱ्या दिवशी पंडितजी आणि प्रदीप सापडले, दोघंही गेलेले. पंडितजींचा हात प्रदीपच्या बुटावरच होता. मी ढसाढसा रडलो, लाज कसली त्यात!

सुट्टीवर आलो तो आधी आंबवड्याला गेलो. पंडितजींचे वडील, आबा, देवळात पूजेला असतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"आरती पुरी झाली व्हती का?"

"न्हाई आबा."

"कुठं थांबला?"

"दुसरं कडवं झालं व्हतं."

आबा उठले. हातपाय धुऊन आले. निरांजन पेटवलं आणि तिसऱ्या कडव्यापासून आरती म्हणायला लागले. मी नुसती घंटा वाजवत राहिलो.

आरती संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या बुटाच्या पोराचं नाव काय म्हणालास?"

"प्रदीप."

आबांनी दुसरी वात वळायला घेतली.