वडिलांचा खरा रंग

आई रोज संध्याकाळी दारात बसून विचारायची, "त्यास्नी सुट्टी घावली का न्हाई?"

वडील, म्हणजे आमचे दादा, फौजेतून निवृत्त होऊन, पुढे ऊस लावून, वारूनही बरीच वर्षं झाली होती. भिंतीवरचा त्यांचा फोटो दाखवला की ती हसायची. "ह्यो कुठला गोरा सायेब?"

तिचं काय चुकलं? आमच्याकडे फोटोत माणूस उजळ करूनच द्यायची पद्धत. त्या वेळच्या फोटोग्राफरने ब्रश मारून वडिलांचा काळासावळा रंग पार घालवला होता. ट्रंकेत मला जुनी निगेटिव्ह सापडली. त्यात वडील सुट्टीवर आलेले, साध्या सदऱ्यात, होते तसे. आईच्या डोक्यातून ते पुरते पुसले जाण्याआधी हा चेहरा तिच्या हातात द्यायचा, असं मी ठरवलं.

पलूसला माझा स्टुडिओ आहे, म्हणजे काम घरचंच; निगेटिव्ह स्कॅन केली. पण माझा प्रिंटर लग्नाच्या अल्बमचा, काळा-पांढरा फोटोही तो रंगीत शाया मिसळूनच काढतो. बल्बखाली वडील बरे दिसायचे, दारात उजेडाला नेले की हिरवट, काविळीतून उठल्यासारखे. मग सांगलीहून वेगळ्या शाया आणल्या, एक काळी आणि तीन राखाडी, आणि अडगळीतला प्रिंटर साफ करून त्यात भरल्या. चकचकीत कागदावर आईला नुसती खिडकीची चमक दिसायची. मॅट कागद घेतला, तर त्याला काळी शाईही निराळी लागते! ती आणली. रात्री छान वाटलेला चेहरा सकाळपर्यंत वाळून इतका गडद व्हायचा की मिशी गालात बुडायची. पुन्हा थोडं उजळायचं, पुन्हा वाळायची वाट बघायची. प्रिंटर दोन-चार दिवस बंद राहिला की शाई सुकून हेड चोंदायचं. मी मशिनवर चिडायचो, विजेवर चिडायचो, उगाच बायकोवर ओरडायचो. तिकडे आई सुनेचं नाव विसरली, मग मोरीची वाट विसरली. डॉक्टरांनी हात टेकले होते. मला करता येण्यासारखी ही एकच गोष्ट होती, आणि तीही जमत नव्हती. फार रडकुंडीला आलो होतो.

शेवटी एक प्रिंट जमली. वाळली, दारात नेली, तरी वडील वडीलच राहिले. धावतच घरी आलो आणि आईच्या मांडीवर ठेवली.

तिने गालावरून बोट फिरवलं. चेहरा कसा उजळला तिचा! "वळीखलं की," ती म्हणाली. "माजं पोरगं हाय ह्ये. फोटूचं दुकान हाय त्येचं."

"आई, ते दादा आहेत. तुझा पोरगा मी."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, लगबगीने डोक्यावर पदर घेतला आणि जरा सरकून बसली.

"आवं, घावली व्हय सुट्टी? बसा की," ती म्हणाली. "येईल पोरगं एवढ्यात."