कैचीला रंग लागत नाही

घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर लिहायला बसलोय, याची आधीच माफी मागतो. पण शिट्टी माझ्या हातात होती, म्हणून मलाच सांगावं लागेल.

गुजरातेत, पांडेसऱ्यात रंगाईच्या मिलमागे, बॉयलरच्या राखेवर, सुट्टीच्या दिवशी दोन मिलच्या पोरांची कबड्डी चाले. मी कॉलेजात, म्हणून पंच मीच आणि सगळ्यांचा 'मास्तर'ही मीच. घामाने हातांचा रंग सुटे. पकड कोणी केली ते चढाई करणाऱ्याच्या पायावरच्या निळ्या-लाल बोटांवरून कळे. दात पडत, भुवया फुटत, रक्तावर राख दाबून माणसं पुन्हा उभी राहत.

त्या आठवड्यात मी दोन मार्कांनी नापास होत होतो. कॉलेजातल्या सरांनी बोलावलं. गुजरातीत म्हणाले, "एका उत्तराला दोन मार्क देता येतात. नाही दिले तरी चूक नाही. देतो." मी हवेत होतो.

त्या रविवारी समोरच्या संघातल्या एकाने चढाईला आलेल्या आमच्या चाळीतल्या शेजाऱ्याला कैची मारली, म्हणजे दोन्ही पायांत त्याचा पाय धरून पिळला. नियमाने कैची मारणारा बाहेर. शेजारी लंगडत उठला.

"तुले दिसनं ना? काढ त्याले."

त्या पोराने हात जोडले. "मास्तर, पहिलीच वेळ."

"कालेजवाला विचार करतोय," रेषेवरून कोणी ओरडलं, "पेपर सुटेपर्यंत थांबा."

सगळे हसले. मला सर आठवले. मी ताकीद दिली आणि खरं सांगतो, मला स्वतःचं बरं वाटलं.

थोड्याच वेळाने तीच चढाई, तेच पाय. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला आणि शेजाऱ्याचा गुडघा उलटा वळला. मग बांबू, पट्टे, विटा. त्या पोराचा कान फाटून लोंबला, तरी मारणं थांबेना. चुन्याचा डबा माझ्या डोक्यात बसला. शेजारी राखेत पडून माझ्याकडेच बघत होता. त्याच्या पायावर बोटाचाही डाग नव्हता.

"मन्हा पाय गया, मास्तर," तो म्हणाला. "तुले दिसनं व्हतं."

टाके घातलेलं डोकं घेऊन मी सरांकडे गेलो, सगळं सांगितलं. "मी तुझा पेपर दोनदा वाचला होता," एवढंच ते म्हणाले.

मिलमध्ये बारा तास उभं राहायचं काम. शेजारी गावी गेला तो गेलाच. त्याच्या घरी पत्र लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

परवा त्याचा भाऊ मिलवर कामाला आला, त्याच्याकडून कळलं. पाय सरळच राहिला, वाकत नाही. गावच्या सामन्यांत तो खुर्चीवर बसून पंच असतो. कैची मारणाऱ्याला पहिल्याच वेळी बाहेर काढतो. गेल्या महिन्यात या भावालाच काढलं.