तिला कुजबुजता येत नव्हतं

माझ्या जुळ्या बहिणीला कुजबुजता येत नव्हतं. वर्गात पेन मागायचा असो की देवळात प्रसाद कुठं मिळतो ते विचारायचं असो, ती एकाच पट्टीत बोलायची, आणि ती पट्टी कसबा बावड्यातून थेट राजारामपुरीत पोचेल अशी. "हळू बोल की गं," म्हटलं तर बिचारी मनापासून प्रयत्न करायची. मान पुढं काढायची, डोळे बारीक करायची, आणि त्याच आवाजात विचारायची, "आता झालं का हळू?"

बहीण म्हणजे सख्खी नव्हे हं. आम्ही अकरावीत असताना कोल्हापुरात एक सिनेमा झाला. पोराटोरांचा, हसण्याखिदळण्याचा, कशातच न जुळणाऱ्या दोन जुळ्या बहिणींचा. त्यातली पुस्तकातून डोकं वर न काढणारी धाकटी ती मी, आणि थोरली ती. मी राजारामपुरीतल्या डॉक्टरांची मुलगी, वक्तृत्वाच्या ढालींनी कपाट भरलेलं आणि अंगानं काडी. ती बावड्यातल्या सहा म्हशींच्या घरची, मला सहज उचलून खांद्यावर टाकेल अशी. तिचं खरं नाव मी आजही घेत नाही. माझ्या फोनमध्ये ती 'जुळी' आहे आणि तिच्या फोनमध्ये मी 'धाकटी'.

पहिल्याच दिवशी तिनं मला वरून खाली न्याहाळलं आणि निकाल दिला, "असली कसली माझी भन? लोक म्हनतील, थोरलीनं हिच्या वाटचं बी खाल्लं." दुसऱ्या दिवसापासून शूटिंगला येताना तिच्याकडं किटलीभर दूध आणि कापडात बांधलेली भाकरी असायची. "पी. जुळ्या दिसाय पायजे आपन." नको म्हटलं की तिचं ठरलेलं, "त्यात काय हाय?" तीन आठवड्यांत माझ्या ड्रेसची शिवण उसवली. ड्रेसवाले मामा कपाळाला हात लावून बसले, कारण गोष्टीतल्या एकाच दिवशी सकाळी मी काडी आणि दुपारी गुबगुबीत. दिग्दर्शक सर माझ्यावर खेकसले, तशी ती मध्ये पडली. "सर, तिला बोलू नगा. मी खायला घातलंय. बारीक करायची असंल तर दुसरं कोन तरी बघा, मी न्हाय करनार."

एकदा मी तिच्या घरी गेले. अंगणात तिचे वडील, आण्णा, खुर्ची टाकून बसले होते. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली होती, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. गोठ्यातून हिचा आवाज अखंड चालू. "आण्णा, उजवीकडं बादली हाय! आण्णा, रेडकू सुटलंय, पाय वर घ्या! आण्णा, माझी मैत्रीण आलीया, लई वाळकी हाय, पर ग्वाड हसत्या!" ज्या घरात डोळ्यांचं काम तोंडानं करायचं, तिथं कुजबुजायला कोण शिकणार? त्या दिवसानंतर मी तिला पुन्हा कधी 'हळू बोल' म्हटलं नाही. निघताना आण्णा म्हणाले, "शिनेमा मला दिसायचा न्हाय पोरी. पर मी येनार. हिचं ऐकाय येनार."

आणि नेमकी गाडी अडली खाटेखालच्या सीनला. दोघी बहिणी खाटेखाली लपल्यात, वर बाप बसलाय, आणि दोघींनी कुजबुजायचं. तेरा वेळा घेतला तो सीन. तेराव्या वेळी बापाचं काम करणारे नट हसून हसून खाटेवरून खाली आले. शेवटी सर म्हणाले, "नुसते ओठ हलव बाई, आवाजाचं डबिंगला बघू." डबिंग म्हणजे शूटिंग संपल्यावर बंद खोलीत, पडद्याकडं बघत, सगळे संवाद पुन्हा बोलायचे.

ते राजारामपुरीतल्याच एका तळघरात झालं. माझे संवाद दोन दिवसांत आटोपले. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आता तिचेही तूच बोल. जुळ्या आहेत, आवाज एकच शोभेल. तिचं ते बोलणं बाहेर कोण ऐकणार?" आणि मी, कपाटभर ढालींची मालकीण, खुशीत माइकपुढं उभी राहिले. सांगायला लाज वाटते, पण खुशीतच. पडद्यावर ती कमरेवर हात ठेवून तोंड उघडत होती आणि त्यातून माझा धुतलेला, इस्त्री केलेला आवाज येत होता. पाच संवाद झाले. सहाव्याला मला आण्णा दिसायला लागले. थेटरात कान देऊन बसलेले, आपली पोरगी आता बोलेल, मग बोलेल, असं शेवटपर्यंत वाट बघणारे. मी हेडफोन काढला, जिना चढून रस्त्यावर आले आणि तिला फोन करून सगळं सांगितलं. खुशीत उभी राहिले तेही सांगितलं. आज मी आवाजाचंच काम करते. कुठल्या नटीच्या तोंडी माझा आवाज लावायचा म्हटलं की आधी विचारते, त्या नटीला विचारलंय का? हे माझं शहाणपण नव्हे, जुळीचं आहे.

त्या फोननंतर अर्ध्या तासात ती गाडीवरून हजर, ओढणी कमरेला खोचलेली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मला ती एवढंच म्हणाली, "सरक." आणि सरांसमोर उभी राहिली. "सर, आमची त्वांडं येगळी, उंची येगळी, ते जुळ्यांस्नी चालतंय. मग आवाजच कसा चालंना?"

सरांनी दुसरीच गोष्ट काढली. "आणि तो खाटेखालचा सीन? तो कसा बोलणार?"

"त्यात काय हाय?" तिनं खुर्चीवरची उशी उचलून माझ्या हातात दिली. "धर माझ्या तोंडावर. घट्ट." आणि ती उशीत ओरडली. काचेपलीकडचे रेकॉर्डिंगवाले काका खुर्चीतून उठले. स्पीकरमधून हुबेहूब कुजबूज आली होती. अख्खा सीन आम्ही तसाच केला, मी उशी धरून आणि ती उशीत बोंबलून.

दोन दिवसांत तिनं सगळे संवाद संपवले. तरी निर्माते म्हणाले, "ठेवून देऊ. दुसऱ्या कुण्या मुलीचाही आवाज घेऊ, कुठला लावायचा ते नंतर बघू." पुढं काय ठरलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. ट्रेलरमध्ये तर नुसती गाणी होती. मी विचारलं की ती म्हणायची, "लावू देत कुनाचा बी. त्यात काय हाय?" मला ते खरंच वाटायचं.

पहिल्या खेळाला बावड्यातून टेम्पो भरून माणसं आली. मधल्या रांगेत आण्णा नवा फेटा बांधून, त्यांच्याशेजारी ती, तिच्याशेजारी मी. सिनेमा सुरू झाला. पहिली आठ मिनिटं तिचं कामच नव्हतं. तेवढा वेळ माझा हात तिनं असा आवळला होता की बोटं बधिर झाली. मग पडद्यावर दार लाथेनं उघडलं, ती आत आली, तोंड उघडलं...

"आई, भाकरी हाय का मी जाऊ तशीच?"

तिचाच! भिंती हादरवणारा, कुणीही न धुतलेला! थेटरात शिट्ट्यांचा नुसता पाऊस पडला. अभिमानानं माझा ऊर असा भरून आला की माझ्या स्वतःच्या कुठल्या ढालीच्या वेळी तसा आला नव्हता. आण्णा ताडकन सरळ झाले. पडद्याच्या दिशेनं हात करून मोठ्यांदा म्हणाले, "आली! आमची आली!"

ती माझ्याकडं झुकली. तिचे ओठ माझ्या कानाला लागले.

"वळखलं गं आण्णांनी," ती म्हणाली. शेजारच्या खुर्चीलाही ऐकू गेलं नाही.